खालच्या आवाजातला धवला

माझा आवाज बापयाचा आहे, हे मला पहिल्यांदा माझ्या सख्ख्या आत्याने सांगितलं. बापय म्हणजे आमच्याकडे पुरुष. आत्या अंगणात सूप घेऊन पाखडत बसली होती. मी मागून विचारलं, "आई कुठं गेली?" तर तिने पटकन डोक्यावर पदर ओढला आणि मागे न बघताच म्हणाली, "घरात कोनी नाय, भाऊ. सांजचे या." मग वळून बघितलं तर मी. हसता हसता तिने सुपातले अर्धे तांदूळ सांडले.

त्या दिवशी मीही हसले. पुढे पुढे हसू येईना. विहिरीवर गेले की बाया म्हणायच्या, "अंजनी आयली गो, पदर घ्या!" माझ्या वयाच्या पोरींचे आवाज बारीक होत वर गेले आणि माझा खाली उतरत गेला. घोगरा मात्र तो कधीच नव्हता. घोगऱ्या आवाजाला चिरा असतात. माझा आवाज सलग होता, भरलेल्या हंड्यासारखा. फक्त त्याची जागा खाली होती.

आमचं गाव मोरिवली, अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्याजवळ. आम्ही आगरी. आमच्या लग्नात तेव्हा धवलारणीशिवाय पान हलत नसे. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. हळद कधी लावायची, पाट कधी मांडायचा, अक्षता कोणी टाकायच्या, हे सगळं ती गाण्यातून सांगते आणि त्या गाण्यावर लग्न लागतं. दोघी जणी गातात. एक ओळ टाकते, दुसरी तीच ओळ झेलते. माझी मावशी राजाबाई पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण होती. तिचा आवाज सुईसारखा, मांडवाच्या पलीकडे जाऊन टोचणारा. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं मनातच आलं नाही.

भात लावताना चिखलात वाकून मी तिचे सगळे धवले पाठ केले. ओळी पाठ होत्या, चाली पाठ होत्या, पण मावशीच्या उंचीवर माझा गळा जात नसे. पहिल्या दोन-तीन लग्नांत मी तिच्यामागे ओळ झेलायला बसले आणि जोर करून आवाज वर नेला. मधेच तो फुटला. मांडवात हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "राजे, तुझ्यामागं रेडकू कशाला बांधलंस?"

त्या रात्री मावशी मला म्हणाली, "उद्यापासून तू आंब्यावर चढू नको. तू खालीच उभी राहा." मला वाटलं, ही मला काढून टाकते आहे. तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला दोन वर्षं लागली.

त्या वर्षांत मी डोक्यावर पाटी घेऊन उल्हासनगरला भाजी विकायला जात असे. नाव उल्हासनगर पडलं होतं तरी आम्ही सगळे कँपच म्हणायचो. लष्कराच्या जुन्या बराकींत सिंधी लोक राहायला आले होते. मी बराकीपुढे ओरडायचे, "भेंडी घ्या, भेंडी, ताजी भेंडी!" एकदा एक बाई दार किलकिलं करून म्हणाली, "कौन मरद आया है बेचने?" आणि मला बघून ओशाळली. तिच्या मागून तिचा नवरा बाहेर आला. टेकचंद त्याचं नाव. पन्नाशीचा, जाड भिवयांचा, कराचीला असताना बँडमध्ये वाजवायचा आणि इथेही लग्नाच्या बँडमध्ये होता.

"फिर से बोलो," तो म्हणाला.

"काय बोलू? भेंडी?"

"हां, भेंडी. लंबा बोलो."

मला राग आला. मला वाटलं, हाही आता चारचौघांना गोळा करून मजा करणार. मी मुद्दाम लांबवून ओरडले, "भेंऽऽडी!" तो आत गेला आणि एक पितळी वाद्य घेऊन आला. तोंडाशी बारीक, पोटाशी वळसे घेतलेलं आणि वर मोठं तोंड उघडलेलं. मांडीवर धरलं तर तान्ह्या पोराला घेतल्यासारखं दिसे. त्याने गाल फुगवले आणि माझ्याच सुरात, माझ्याच जागेवर एक सूर लावला. मी पाटीला हात लावून उभीच राहिले. माझ्या आवाजासारखा दुसरा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"इसका नाम बॅरिटोन," तो म्हणाला. "ऊपर कॉर्नेट, चिड़िया के माफिक. नीचे बास, हाथी के माफिक. ये बीच में चलता है, आदमी के साथ."

"आदमी के साथ, ना?" मी म्हणाले. "मी बाई हाय."

"तो क्या हुआ? आदमी माने इन्सान." त्याने वाद्याचं तोंड रुमालाने पुसलं. "ये नहीं हो तो ऊपरवाले सब हवा में लटकते हैं. तुम्हारी आवाज बीमार नहीं है, बहन. बॅरिटोन है."

त्याच्या बायकोने भेंडी घेतली आणि भाव पाडला. पण मी घरी जाताना रेल्वेच्या रुळांकडेने तो शब्द म्हणत गेले. बॅरिटोन. इतकी वर्षं माझ्या आवाजाला लोकांनी रेडकू, बैल, भाऊ म्हटलं. आता त्याला नाव होतं.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "नाव काय पन असू दे. पुढच्या लग्नात ओळ तू टाक. मी झेलीन." तिचे दात गेले होते, पण सूर शाबूत होता. आम्ही घरी करून पाहिलं. मी खालून ओळ टाकली, तिने तीच ओळ वरच्या अंगाने उचलली. मधे मोकळी जागा राहिली, जशी खांब आणि आढं यांच्या मधे राहते. मावशी थांबून म्हणाली, "मेली! खालीच उभी राहा म्हनलं होतं ते हेच. पन ओळ तू टाकायची, हे आधी का नाय सुचलं?"

पुढचं लग्न गावातच होतं. महिपती मुकादमाची मुलगी कौसा, नवरा मुलगा बेलवलीचा. मुलाला बाप नव्हता, म्हणून त्याच्याकडचा सगळा कारभार त्याचा काका धर्मराज बघत होता. महिपतीने कँपातून बँड आणला होता आणि त्यात टेकचंद होता. बेलवलीकर स्वतःची धवलारीण बनूबाई घेऊन आले होते. बनूबाई बारीक आवाजाची आणि तिखट तोंडाची. तिचं माहेर आमच्याच आळीत, आणि माहेरी आली की विहिरीवर मला सगळ्यांत जास्त चिडवणारी तीच.

रिवाज असा की मांडव मुलीकडचा, म्हणून धवला मुलीकडच्या धवलारणीने सुरू करायचा. मी खांबाशी बसले. मावशी शेजारी. मी देव बोलावायला सुरुवात केली. मांडवात बसायला एकेका देवाला नावाने बोलवायचं असतं.

"ये गो गावदेवी, मांडवी बस,
खांबाच्या मुळाशी तुझा पाट."

माझा आवाज शेणाने सारवलेल्या जमिनीवरून सरकत गेला आणि मावशीने तो वरून झेलला. मी गणपती बोलावला, खंडोबा बोलावला, वेशीवरचा म्हसोबा बोलावला. शेवटचा देव बसला, तेवढ्यात वऱ्हाडातून धर्मराज ओरडला, "अरे, ही कोन गाते? की बापयाला लुगडं नेसवलंय?"

वऱ्हाड हसलं. मी पुढची ओळ टाकायला तोंड उघडलं, तर धर्मराज उठूनच आला. "महिपतीशेठ, आमच्या पोराच्या लग्नात हा अपशकुन नको. बायकांचं काम बायकांच्या आवाजात होऊ दे. आमची बनूबाई हाय ना!"

महिपतीचं तोंड उतरलं. मुलीचा बाप तो. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अंजने, उठ गो बाय. वाईट वाटून घेऊ नको."

"धवला सुरू झालाय, काका," मी म्हणाले. "तो मधे तोडत नायत."

"वाजवा रे बँड!" धर्मराजने हात उडवला. त्याला वाटलं, आवाजात आवाज बुडाला की मी आपोआप उठेन. बँड सुरू झाला. कॉर्नेट किंचाळली, ढोल बडवला गेला. मी थांबले नाही. कॉर्नेट वर, माझ्या डोक्यावरून जात होती. मी तिच्याखाली होते, तिथे मला कोणी ढकलत नव्हतं. एकच वाद्य माझ्या जागेवर आलं, टेकचंदचं. त्याने दोन सूर वाजवले, माझ्याकडे बघितलं आणि वाद्य मांडीवर आडवं ठेवलं.

बँडचा मास्तर डोळे वटारून म्हणाला, "बजाओ!"

"जगह नहीं है," टेकचंद म्हणाला. "बाई बैठी है वहाँ."

बाजूची पोरंटोरं हसली. मास्तरने अजून थोडं रेटून पाहिलं, पण मधलं वाद्य नसल्याने बँड रिकाम्या पिंपासारखा वाजायला लागला. त्याने हात खाली केला. ढोलवाल्याला ते उशिरा कळलं, त्याचे दोन ठोके एकटेच पडले.

आता मांडवात फक्त माझा आवाज होता. मी ओळ पुरी केली आणि मगच थांबले.

"झालं तुझं?" धर्मराज म्हणाला. "बनूबाई, बसा तुम्ही."

बनूबाई पुढे आली. मला वाटलं, आता ही कंबरेला पदर खोचून बसणार आणि जन्मभर विहिरीवर मला हा दिवस ऐकवणार. ती माझ्यासमोर उभी राहिली. विचारलं, "देव कोनी बोलावले?"

"मी," मी म्हणाले.

"सगले?"

"म्हसोबापर्यंत."

बनूबाई धर्मराजकडे वळली. "मग मना नाय जमायचं. जिनं बोलावले तिनंच परत धाडायचे. दुसरीच्या तोंडातले देव मी घेत नाय."

"अगो, पन तिचा आवाज—"

"आवाज कसा पन असो. देव आयले का नाय?" बनूबाईने हात नाचवला. "तुमी धाडताव का त्यांना? बसा मग खांबाशी, काष्टा खोचून!"

इथे धर्मराजची चूक होती. त्याने मला देव बोलावायच्या आधी उठवलं असतं, तर माझ्या हातात काही नव्हतं. त्याने मधे थांबवलं. आता मी उठले असते तर देव मांडवात अडकून राहिले असते आणि तशा मांडवात आमच्याकडे कोणी मुलीचा हात मुलाच्या हातात देत नाही. हे धर्मराजला माहीत नव्हतं असं नाही. रागात विसरला.

महिपती माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "गा बाय, पुरं कर. पन एवढं ऐक, जरा बारीक आवाजात गा. त्यांचा पन मान राहू दे."

सगळ्यांना ते बरं वाटलं. तोडगा निघाला म्हणून बाया माना हलवायला लागल्या. एक जण म्हणाली, "हां गो, काय जातंय तुझं?" मी मावशीकडे बघितलं. ती पानाला चुना लावत होती, वर बघितलंच नाही. आता काय करायचं ते माझं मला ठरवायचं होतं.

मला ते जमलं असतं. फुटका का होईना, अर्धा तास आवाज वर रेटून नेला असता. धर्मराज खूश झाला असता. आणि त्यानंतर प्रत्येक मांडवात मला तसंच गावं लागलं असतं.

"नाय," मी म्हणाले. "ज्या आवाजात बोलावले, त्याच आवाजात जातील. माझ्याकडं दुसरा आवाज नाय. नको असेल तर मी इथं गप बसून राहते. देव पन बसतील. जेवणं करून घ्या तुमी."

आत, माजघराच्या दारात कौसा पिवळ्या साडीत उभी होती. नवरीने बोलायचं नसतं. ती बोलली. "बाबा, हिलाच गाऊ द्या. तशीच."

महिपतीने मान खाली घातली. हात सोडले आणि बाजूला झाला.

मी पुन्हा सुरुवात केली. आता अक्षतांची वेळ. कौसाला बाहेर आणून नवऱ्यासमोर पाटावर उभं केलं होतं. धवल्यात एकेका वडीलधाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याने उठायचं, जोडप्याच्या डोक्यावर तांदूळ टाकायचे आणि मगच पुढचं नाव. मुलाला बाप नाही, म्हणून पहिला मान काकाचा. ते नाव टाळता येत नव्हतं आणि मला टाळायचंही नव्हतं.

"धर्मराज काका, उभे राहा,
सुनेच्या डोईवर अक्षता वाहा."

मावशीने ओळ झेलली. धर्मराज उठला नाही. मांडीवर हात ठेवून खांबाकडे बघत बसला.

मी तीच ओळ पुन्हा टाकली. मावशीने पुन्हा झेलली. धर्मराज बसलेलाच. मी पुढच्या नावाकडे गेले नाही. आवाज चढवलाही नाही, उतरवलाही नाही. आहे तिथून, त्याच जागेवरून तिसऱ्यांदा ओळ टाकली. या वेळी मावशीबरोबर अजून एक आवाज आला, बारीक, तिखट. बनूबाई उभ्या उभ्याच झेलत होती.

पाचव्यांदा की सहाव्यांदा, मोजलं कोणी? नवरा मुलगा पाटावरून वळून म्हणाला, "काका, उठा ना. पाय दुखाया लागले."

धर्मराज उठला. मुठीत तांदूळ घेतले, जोडप्याजवळ आला. कौसाच्या डोक्यावर टाकले, पुतण्याच्या डोक्यावर टाकले. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्यासाठी थांबले, तो जागेवर जाऊन बसला, मग दुसरं नाव घेतलं.

देव संध्याकाळी परत धाडले. म्हसोबा आधी, गावदेवी शेवटी, बोलावले त्याच्या उलट.

त्यानंतर मी पुष्कळ लग्नं लावली. मोरिवलीत, बदलापूरकडे, एकदोन कल्याणच्या पलीकडेही. काही घरांनी मला कधीच बोलावलं नाही. बापयाचा आवाज आमच्या मांडवात नको, असा निरोप आला. मी म्हणाले, बरं. आवाज मात्र होता तिथेच ठेवला.