पहारेकऱ्याचा दगड

नदीकाठच्या सायकल सहलीत एकूण सहा प्रेक्षणीय स्थळं होती. त्यांतली पाच इतिहासाने दिली होती आणि एक वाटाड्याने. इतिहासाच्या पाचांना कुणी फारसं विचारत नसे. तीनच कमानी उरलेला पूल, जकातीचा बुरूज, नावाड्यांचा घाट, पाण्यावर चालणारी जुनी गिरणी आणि छप्पर उडालेली शिकारकोठी. लोक उतरत, फोटो काढत, बाटलीतलं पाणी पीत आणि विचारत, "काका, पहारेकऱ्याचा दगड अजून किती लांब?"

हा दगड गेली अठरा वर्षं वाटाड्याच्या मानगुटीवर बसला होता.

त्याचं असं झालं. कागदाचा कारखाना बंद पडला आणि चाळिशीत घरी बसायची वेळ आली, तेव्हा मेहुण्याने त्याला आपल्या सायकलींच्या दुकानात घेतलं. काम सोपं होतं. सहलीला आलेल्या लोकांच्या पुढे सायकल चालवायची, कुठे काय आहे ते सांगायचं, पंक्चर झालं तर काढून द्यायचं. पहिल्याच सहलीत बुरूज मागे पडल्यावर एक चढण लागली. लांबीला काही नाही, पण उभी. अर्ध्यावर वाटाड्याचा दम संपला. मागे नऊ जण, सगळे त्याच्याहून तरुण, आणि वाटाड्यानेच धापा टाकत सायकलवरून उतरायचं म्हणजे पहिल्या दिवशीच अब्रूचं खोबरं. त्याने शेवाळलेल्या एका दगडापाशी ब्रेक दाबला, एक पाय टेकला, गंभीर चेहऱ्याने हात वर केला आणि म्हणाला, "इथे थांबा. इथे एक गोष्ट घडली होती."

गोष्ट काय घडली होती हे त्यालाही ठाऊक नव्हतं. श्वास जागेवर येईपर्यंत जे सुचेल ते तो बोलत गेला. राजा लढाईवर निघाला, इथल्या पहारेकऱ्याला म्हणाला, मी परत येईपर्यंत या दगडापासून हलायचं नाही. लढाई संपली, राजा दुसऱ्याच वाटेने घरी गेला आणि पहारेकऱ्याला साफ विसरला. पहारेकरी बावीस वर्षं उभा राहिला. इथवर आल्यावर वाटाड्याचा दम परतला, म्हणून त्याने पहारेकऱ्याला तिथेच मारून टाकलं आणि पुढे निघाला.

थाप म्हणावी तर ती एवढीच. पण पुढच्या आठवड्यात एकाने फोन करून विचारलं की ती पहारेकऱ्याची सहल हीच का. मेहुण्याला धंद्याचा वास लगेच येतो. त्याने दुकानाच्या भिंतीवर भालाईत रंगवून घेतला, दगडापाशी पाटी लावली, सहलीचं नावच 'पहारेकऱ्याची वाट' केलं. दगडाशेजारी थंड पाण्याची टपरी आली. नकाशात दगड आला. निदान बायकोला तरी खरं सांगावं म्हणून वाटाड्या एकदा तिला घेऊन गेला, तर गोष्ट संपेस्तोवर तिने पदर ओला केलेला. मग कोणत्या तोंडाने सांगणार?

अठरा वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, तो चढण चढला. आता वय अठ्ठावन्न. डाव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला आणि म्हणाले, "सपाट रस्त्यावर हवी तेवढी सायकल चालवा. पण चढ बंद. नाहीतर वर्षभरात काठी घ्याल."

हे सांगितल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मी काय दुष्ट आहे का? पण दगड वगळून सहल कोण घेईल?"

"मग बॅटरीवाली सायकल दे."

"दिली होती की मागे. लोक घाम गाळतायत आणि तुम्ही शीळ घालत वर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बॅटरीवाल्या मागितल्या. असं करू, चढावर गोष्ट सांगणारं कुणी मिळू दे, त्याच दिवशी तुम्ही पलीकडच्या काठावर."

पलीकडचा काठ म्हणजे आजी-आजोबांची सहल. घरातल्या फरशीसारखा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये चहासाठी अर्धा तास. वाटाड्याने तिकडे वापरायची सायकल निवडून ठेवली होती, तिला रुंद गादीची सीटही बसवून घेतली होती. रोज दुकान बंद करताना तो ती सीट दाबून बघायचा.

गोष्ट सांगणारं मात्र मिळेना. पहिला आला तो गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तशी गोष्ट सांगायचा. दुसऱ्याला मध्येच हसू फुटायचं. आणि मग बालवाडीची बाई आली. दहा वर्षं तिने पोरांना गोष्टी सांगितल्या होत्या, आता उघड्यावरचं काम हवं होतं. पायांत जोर, आवाजात गोडवा. दोन दिवसांत तिने गोष्ट तोंडपाठ केली. ठरलं असं की शनिवारी वाटाड्याने फक्त सोबत जायचं, दगडापाशी बाई बोलेल, आणि सोमवारपासून तो पलीकडे. घास अगदी हातातोंडाशी आला होता. एक दिवस तोंड मिटून बसायचं, बस्स.

शनिवारी अकरा जण होते. चढणीवर गुडघ्यात सुई टोचल्यासारखं होत होतं, पण वाटाड्या मनात म्हणत होता, शेवटचं, शेवटचं. दगडापाशी तो टपरीच्या फळीला टेकून उभा राहिला. बाईने हेल्मेट काढलं आणि सुरुवात केली.

राजा गेला, राजा विसरला, इथवर ठीक. मग ती म्हणाली, "पहारेकऱ्याला बायको होती. तो पाऊल हलवायचा नाही, म्हणून ती रोज दुपारी त्याचं जेवण घेऊन ही चढण चढायची."

वाटाड्याने मान वर केली.

"एके दिवशी गावात बातमी आली की राजा कधीच परत आलाय, राजवाड्यात सुखात आहे. बायको त्या दिवशीही जेवण घेऊन आली. पण सांगितलं नाही. तो म्हणाला असता, मग मी इतकी वर्षं कुणासाठी उभा राहिलो? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ती नुसती शेजारी बसली आणि म्हणाली, जेवून घ्या."

कुणी हललं नाही. सहलीला आलेली एक दातांची डॉक्टरीण पुढेच उभी होती, ती डोळे पुसत होती. टपरीवालाही, ज्याने ही गोष्ट हजारदा ऐकली होती, हातातली बाटली तशीच धरून उभा. अठरा वर्षांत वाटाड्याच्या गोष्टीवर हळहळ पुष्कळ झाली होती, पण अशी शांतता कधी पडली नव्हती. त्याला आनंद व्हायला हवा होता. सुटकाच होती ती. पण त्याला आला चक्क राग. पहारेकरी त्याचा, दगड त्याचा, आणि कालची आलेली ही बाई त्याचं लग्न लावून मोकळी झाली.

"त्याला बायको नव्हती," तो म्हणाला.

बाई गडबडली. "काका?"

"नव्हती म्हणजे नव्हती. एकटा होता तो."

"पण तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरणीने विचारलं.

जुन्या कागदांत तसं आहे, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण माणसाची एकदा जीभ सुटली की पुढचं-मागचं दिसत नाही. "मला माहीत असणारच," वाटाड्या म्हणाला, "त्याला जन्माला मी घातलाय."

आणि त्याने सगळं ओकून टाकलं. कारखाना, पहिला दिवस, संपलेला दम, नऊ तरुण माणसं, शेवाळलेला दगड. बायकोचा ओला पदर. अठरा वर्षं एका थापेमागे हा चढ कसा चढला, गुडघा कसा गेला आणि दरवेळी बावीस वर्षं म्हणताना मनात लाज कशी वाटायची, तेही. शेवटी म्हणाला, "मला माफ करा. इथे कधीच कुणी उभं नव्हतं."

मग डॉक्टरीण हसायला लागली, डोळ्यांतून पाणी गळतच होतं. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एक जण येऊन वाटाड्याच्या गळ्यातच पडला. त्यांनी दगडापाशी वाटाड्याला उभं करून फोटो काढले. उतारावर सायकल सोडताना त्याला अठरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. मेहुणा फार तर हाकलून देईल. देऊ दे.

संध्याकाळी दुकानात शिरला तेव्हा मेहुणा मोबाइलवर काहीतरी वाचत होता. बाई कोपऱ्यात चेन पुसत होती.

"भाऊजी, बसा," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. "हे ऐका. 'आजवरची सगळ्यात सुंदर सहल. काकांनी खरं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे रडलो. जाल तर काका असतानाच जा.' असे सात अभिप्राय आलेत. पुढचे तीन आठवडे भरले."

वाटाड्या उभाच राहिला. "पण मी पलीकडे जाणार होतो."

"जाल हो. पण आता कसं? आधी बाई गोष्ट सांगणार, अगदी बायकोसकट. मग तुम्ही मध्ये बोलायचं, बायको नव्हती म्हणून. आज झालं तसंच."

"हे पण बाईच सांगेल की. तिला सगळं पाठ होतं दोन दिवसांत."

बाईने फडकं खाली ठेवलं. "काका, मी किती विचार केला त्याचा. ती थाप मी सांगू शकते. कुणीही सांगू शकतं. पण मला दम लागला होता, मी अठरा वर्षं खोटं बोललो, हे मी कसं सांगू? ते तुमचंच आहे."

तिला मनापासून वाईट वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही धड पायावर नाही, दुखऱ्या गुडघ्यावर. खोटं त्याला सोडायला तयार झालं होतं. खऱ्याने पकडलं.

सोमवारी चौदा जण होते. वाटाड्या गुडघ्याला पट्टा बांधून सगळ्यांच्या शेवटी, निम्मी चढण सायकल हाताने ढकलत दगडापाशी पोचला. पहारेकऱ्याची बायको जेवण घेऊन शेजारी बसली, इथवर बाईचं सांगून झालं होतं. कुणीच डोळे पुसत नव्हतं. चौदाही माथी मागे वळून त्याच्याकडे बघत होती, आणि पुढच्या दोघांनी मोबाइल वर धरले होते.

"बोला ना काका," एक जण प्रेमाने म्हणाला, "आम्ही त्याच्यासाठीच आलोय."