उपवासकाळातलं गोड पाणी

"मला हरवेल असा रोग अजून जन्माला यायचाय!" असं फर्डिनंड मास्तरांनी २००४ सालच्या मार्चमध्ये जगाला ठणकावून सांगितलं. सांगितलं ते संडासाच्या बंद दारामागून, कारण तासाभरात त्यांना पुन्हा जावं लागलं होतं.

"आधी बाहेर या," बायको हिल्डा म्हणाली. "तुमचा भाऊ रोनाल्डही असाच तांब्या तांब्या पाणी प्यायचा नि फेऱ्या मारायचा. डॉक्टरकडे नेला तेव्हा अंगठा काळा पडलेला. पाय गेला. मला तुमचे दोन्ही हवेत."

मास्तर निर्धास्त होते. राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हाच, त्यांनी साखर सोडली होती. देवाला उपवास, रक्ताची सफाई. त्याच तोऱ्यात ते हिल्डाबरोबर उपाशीपोटी दवाखान्यात गेले.

डॉक्टर सुरुची त्यांचीच विद्यार्थिनी. रिपोर्ट आला : एकशे अठरा.

"काठावर पास!" मास्तर उठले.

"बसा सर. रिकाम्या पोटी साखर साळसूद वागते." तिने ग्लासभर पाण्यात डब्यातलं ग्लुकोज ढवळलं. "हे प्या. दोन तासांनी पुन्हा रक्त घेऊ."

मास्तरांचा चेहरा हुतात्म्यासारखा उजळला. "उपवासकाळ आहे. साखर वर्ज्य. ईस्टरनंतर बघू."

"परीक्षा चुकवणाऱ्याला तुम्ही बाकावर उभं करायचात, सर."

"ईस्टरनंतर मे महिन्यातली लग्नं, मग पाऊस," हिल्डा म्हणाली. "रोनाल्डही 'बघू बघू'च करत होता." आणि तिने सरळ फादर ॲन्सेल्मना फोन लावून तो नवऱ्याच्या कानाला चिकटवला.

"मास्तर, औषध समजून प्या," फादर म्हणाले. "मलाही पाजलं होतं. वेळेवर कळलं म्हणून वेदीच्या पायऱ्या अजून चढतोय. नाही प्यायलात तर रविवारी प्रवचनात नाव घेईन."

"चर्चही यांना सामील!" मास्तर गरजले, आणि डोळे वटारून एका दमात ग्लास रिकामा केला. पुढचे दोन तास ते बाकावर धरणं धरल्यासारखे हाताची घडी घालून बसले.

दुसरा आकडा : दोनशे एकतीस.

"लक्षणं होतीच, आता आकडाही दोनशेच्या वर. मधुमेह आहे, सर." सुरुचीने त्यांची पावलं टोचून, चाचपून पाहिली. "पण पायांना सगळं जाणवतंय, जखम नाही. डोळे, लघवी तपासून घेऊ. लवकर आलात. आवरता येईल."

सकाळपासून उभी असलेली हिल्डा तेव्हा कुठे खाली बसली.

मास्तर मात्र उभे राहिले. "लढाई तर लढाई! रोज चालेन, गोळ्या खाईन. रोनाल्डचा पाय या रोगाने नेला, माझ्या नखालाही हात लावू देणार नाही. आजपासून या देहात साखरेला थारा नाही!"

मग घसा खाकरून, हिल्डाकडे पाठ करून, हळूच म्हणाले, "सुरुची बाळ, फादरांची परवानगी आजच्या दिवसाची आहे ना? मग त्या डब्यातली एक चिमूट..."