बाजूने पाहिलेल्या पेशी

प्रयोगशाळेत पाहुणे तीनला येणार होते आणि घड्याळात सव्वा वाजला होता. पूर्ण वाढ झालेल्या उंदराच्या मेंदूत, मिशांचा स्पर्श जिथे कळतो त्या भागात नव्या चेतापेशी उगवतात, हे त्यांना दाखवायचं होतं. एकूण एकेचाळीस पेशी, तीन वर्षांची मेहनत आणि अहवालावर पहिलं नाव तिचं, म्हणजे सरांच्या संशोधक विद्यार्थिनीचं.

मेंदूचे काप करणाऱ्या काकू स्लाइडचा डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, सगळ्या फिरवून बघितल्यास ना?"

तिने पेशींची यादी पुढ्यात ओढली.

नवी पेशी हिरवी चमकते, चेतापेशी लाल. एकाच पेशीत दोन्ही रंग दिसले की ती नवी चेतापेशी. पण जुन्या चेतापेशीच्या डोक्यावर दुसरीच एखादी नवी पेशी चढून बसली असेल, तर वरून बघणाऱ्याला दोघी मिळून एकच दिसतात. म्हणून पडद्यावरचं चित्र फिरवून प्रत्येक पेशी बाजूने बघायची. सरांनी दाखवायला दिलेल्या तीन तिने बघितल्या, तिन्ही पक्क्या निघाल्या. मग शितावरून भाताची परीक्षा करून उरलेल्या अडतीस पेशींपुढे 'तपासल्या' लिहून ती मोकळी झाली होती. घाई होती हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे उरलेल्या फिरवल्या तर काय दिसेल, याला ती घाबरली होती.

"बघितल्या," ती म्हणाली. काकू डब्यातल्या स्लाइड लावू लागल्या.

तिने चौथी पेशी उघडली आणि फिरवली. हिरवा ठिपका लालवरून अलगद सुटला. मध्ये काळी फट. पाचवीचं तेच, सहावीचंही तेच. विसावी, एकतिसावी... एक तरी टिकावी म्हणून ती मनातल्या मनात विनवण्या करत होती. पेशींना कसली दयामाया!

पावणेतीनला एकेचाळिसावी फुटली.

दार उघडून सर आत आले. नवा कोट, चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग. पडद्यावर ती दोन तुकड्यांची पेशी संथपणे फिरत होती. सरांनी ती पाहिली. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

"बंद कर ते," ते हळूच म्हणाले. "तीन दिल्या होत्या ना तुला निवडून? तेवढ्याच दाखव."

तिला क्षणभर काही समजेना. मग समजलं. नेमक्या तीन पक्क्या निवडायच्या तर आधी सगळ्या फिरवून बघाव्या लागतात.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"अहवाल तू लिहिलायस," सर म्हणाले. "'तपासल्या' हे अक्षरही तुझंच."

खरं होतं ते. बुडणार होती तीच. तिला रडू आलं, रागही आला, आणि सरांपेक्षा स्वतःचाच जास्त.

जिन्यावर पावलं वाजली. सरांनी माउसकडे हात नेला. तिने माउस मुठीत घट्ट धरला.

"काकू," ती म्हणाली, "दार उघडा, आणि पाहुण्यांना आधी या पडद्यासमोरच बसवा."