सगळ्या दोनचाकी मानू

“पण बाई, सगळ्या दोनचाकी नाहीयेत. वर लिहिलंय की, काही चारचाकी आहेत म्हणून.”

मी खडू टेबलावर आपटला. पाच महिने झाले, हेच गणित, हाच माणूस आणि हेच वाक्य. ढकलगाड्या तीस, चाकं चौऱ्याऐंशी, तर दोनचाकी किती आणि चारचाकी किती? रीत सोपी आहे. सगळ्या दोनचाकी मानायच्या. साठ चाकं झाली. चोवीस उरली. प्रत्येक चारचाकीची दोन जास्तीची, म्हणजे चारचाकी बारा आणि दोनचाकी अठरा. संपलं. पण हा गृहस्थ पहिल्या ओळीपुढे सरकेल तर शपथ.

कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गाला मी अकरा वर्षं गणित शिकवते आहे. मामा जवळच्याच कारखान्यात बॉयलरवर मदतनीस. वर्गात सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. वय चोपन्न. बॉयलर चालकाच्या परवान्याची परीक्षा पंचावन्नपर्यंतच देता येते आणि मामा दोनदा गणितात आपटलेले. ही शेवटची खेप. हुकली तर निवृत्त होईपर्यंत मदतनीसच. बॉयलर सांभाळायचा यांनी आणि वहीवर सही दुसऱ्याची, असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. हे ‘मानू’चं गणित दरवर्षी येतं, पाच मार्कांना, आणि मामा दरवर्षी ते कोरं सोडतात.

“नुसतं मनात धरायचंय हो,” मी म्हटलं. “त्यात कुणाचं काय जातंय?”

“जातं, बाई.”

बाकीचे घरी गेल्यावर त्यांनी सांगितलं. बॉयलरला एक काचेची नळी असते, आतलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. दर तासाला ती बघायची आणि वहीत लिहायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाळीला चालकाने खुर्चीतून न उठता चार तासांचं एकदम लिहून टाकलं. मघाशी अर्धं होतं, म्हणजे आताही अर्धंच असणार, असं मानून. पाणी कधीच खाली गेलं होतं. बॉयलरच्या आतली लोखंडी नळी कोरडी तापून फुटली तेव्हा मामांचा जोडीदार भट्टीच्या दारासमोर उभा होता. दोघं एका डब्यात जेवायचे.

“ती वही अजून ऑफिसात आहे, बाई. त्यात पाणी अर्धंच आहे.”

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर चीडही आली. अहो, हे गणित आहे, यात कुणी मरत नाही. मी त्यांना समजावलं की इथे आपण मानतो, पण मग किती चुकलो तेही मोजतो. उरलेली चोवीस चाकं म्हणजे आपली चूकच. त्या चालकाने चूक मोजलीच नाही, तो मानून स्वस्थ बसला. मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, मग आधीच खरं मोजलेलं काय वाईट? पालथ्या घड्यावर पाणी. घरी जाऊन मी नवऱ्यावर उगाच ओरडले.

पुढच्या आठवड्यात मामा वर्ग सुरू व्हायच्या आधीच येऊन बसले होते. बोटांना राख, चेहरा नुसता फुललेला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कारखान्यातल्या राख वाहायच्या ढकलगाड्या ओळीने लावल्या होत्या आणि चारचाकींच्या पुढच्या चाकांखाली विटा सरकवल्या होत्या.

“आता प्रत्येकीची दोनच चाकं जमिनीवर. गणितातल्या तीस गाड्यांची साठ. चोवीस वर उचललेली. एका गाडीची दोन, तर बारा गाड्या. मानायचं कामच नाही, बाई. उचलायचं आणि बघायचं.”

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी त्यांची पाठ थोपटली आणि बजावलं की पेपरात मात्र वर ‘सगळ्या दोनचाकी मानू’ एवढी ओळ लिहा, मग खाली काय उचलायचं ते उचला. एका ओळीने आभाळ कोसळणार नाही. मामा हसले. हसले म्हणजे लिहितील, असं मी धरून चालले.

निकाल लागला. पास व्हायला चाळीस हवे होते, मामांना सदतीस. मी तरातरा परीक्षेच्या ऑफिसात गेले, मामांचा पेपर काढायला लावला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘चारचाकी गाड्यांची पुढची चाकं विटांवर ठेवली.’ उत्तर बरोबर. समोर लाल शाईत ‘रीत?’ आणि पाचातला एक मार्क. मी तिथल्या साहेबांशी तासभर भांडले. त्यांचं एकच पालुपद, उत्तर बरोबर आहे बाई, पण ‘मानू’ कुठंय? फेरतपासणीचा अर्ज करा, पण आशा ठेवू नका.

अर्ज पर्समध्ये टाकून मी थेट बॉयलरवर गेले. चार वाजत आले होते. खुर्चीत नवा चालक बसला होता, माझाच गेल्या वर्षीचा विद्यार्थी. या गणितात पाचपैकी पाच. मला बघून उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बाई, तुमच्यामुळे इथे आहे.” मांडीवरची वही त्याने टेबलावर ठेवली. चारचं पाणी अर्धं. पाचचं अर्धं. सहाचंही अर्धं. एकाच शाईत, एका खाली एक.

मी काय बघितलं ते भट्टीजवळ उभ्या असलेल्या मामांनी बघितलं. फडकं घेऊन लोखंडी जिना चढले, काच पुसली आणि वाकून बघितलं. “अर्ध्याच्या दोन बोटं खाली आहे,” त्यांनी वरून सांगितलं.

“असू दे मामा,” चालक म्हणाला, “लिहिलंय मी.”

मामांनी खाली येऊन पाण्याचा पंप सुरू केला. मग माझ्याजवळ आले. मी अर्ज पुढे केला. त्यांनी हात पँटला पुसले, तो घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि त्याच खिशातून एक छोटी वही काढली. कडा तेलकट झालेल्या, पानापानावर तारखा आणि तासातासाचं पाणी.

“बसा बाई,” ते म्हणाले. “एवढं बघून येतो.”

आणि पुन्हा जिना चढून, काचेतलं पाणी वर येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी लिहिलं.