चौदा युनिट

"काका, अख्खं गाव बोलावलंत की तुम्ही!"

संगणक विभागाच्या मॅडम पाठीमागे उभ्या राहून हसल्या, तेव्हा मीटरकाकांना कळलं, पुन्हा काहीतरी राहिलं. पडद्यावर घर क्रमांकांचा लोंढा लागला होता, थांबायचं नाव नाही. तळाशी आकडा होता : ४१,३०६ ओळी.

"व्हेअर कुठाय?" मॅडमनी विचारलं.

काकांनी मांडीवरची वही डोळ्यांजवळ धरली. त्यांनी आपल्या अक्षरात नीट उतरवून घेतलं होतं. सिलेक्ट म्हणजे काय हवंय. फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यातून. व्हेअर म्हणजे त्यातलं कोणतं. शेवटी अर्धविराम, विसरू नये. हा अर्धविराम गेले तीन दिवस त्यांना छळत होता. आज तो आठवणीने दिला आणि त्या आनंदात व्हेअरची ओळच गिळून टाकली.

"पत्ता विचारताना आपण गल्ली सांगतो ना, तसंच आहे हे," मॅडम म्हणाल्या. "अट घातली नाही, तर ते बिचारं सगळंच आणून ओततं."

"माझ्यासारखंच आहे म्हणा. सांगितलं तेवढं करायचं, डोकं चालवायचं नाही."

काकांनी एकतीस वर्षं पाणी खात्याचे मीटर वाचले. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, दर दोन महिन्यांनी तीच दारं. लोक नाव विसरले, मीटरकाका तेवढं राहिलं. मग गुडघ्यांनी राम म्हटला आणि दहा महिन्यांपूर्वी त्यांना कचेरीत खुर्ची मिळाली. दारोदार फिरायचं काम ठेकेदाराकडे गेलं. निवृत्तीला अजून सव्वा वर्ष होतं. साहेबांनी मात्र सोमवारीच बजावलं होतं, की खुर्ची हवी तर संगणकाला प्रश्न विचारता आला पाहिजे. शुक्रवारी पाचच्या आत बंद घरांची यादी स्वतःच्या हाताने काढून द्या. नाही जमलं तर पिशवी तुमची वाट बघते आहे.

आज शुक्रवार होता. सकाळी गुडघ्याला पट्टी बांधताना बायको म्हणाली होती, "त्या मशीनशी वाकडं घेऊ नका. म्हणेल तसं लिहा आणि गुमान खुर्चीत बसा. तुमचे पाय मला अजून बरीच वर्षं लागणार आहेत."

काकांनी एकेक अक्षर शोधत पुन्हा लिहिलं. कोणतं घर, कोणत्या तक्त्यातून, आणि या वेळी अटही घातली : वापर बरोबर शून्य. अर्धविराम दिला, श्वास रोखून बटण दाबलं. लोंढा आला आणि थांबला. २१२ ओळी.

"जमलं की!" मॅडमनी टाळी वाजवली. "प्रिंट काढा, सही ठोका, सुटलात. सोमवारी माणसं जाऊन यांची कनेक्शनं तोडतील."

काकांना खरंच हायसं वाटलं. पण सही करण्याआधी वाचायची जुनी खोड. ते बोट ठेवून घरं वाचत गेले. दुसऱ्यांना ते नुसते आकडे दिसले असते. काकांना कुठे तुटकी पायरी दिसली, कुठे चावरं कुत्रं. दवाखान्यामागच्या गल्लीपाशी मात्र बोट अडखळलं. ती गल्ली जवळजवळ सगळीच यादीत होती, अडतीस घरं. आणि त्यात एकशे सात नंबर.

"हे तर शिवणवाल्या बाईंचं घर," काका म्हणाले. "हे कसं बंद? मशीन दिवसभर चालू असतं यांचं. मॅडम, आकडा कधी घेतला तेही दाखवतं का हे?"

"दाखवेल की. सिलेक्टमध्ये आणखी एक रकाना मागा. वेळेचा."

काकांनी मागितला. या गल्लीपुरती अटही वाढवली. ओळी वेळेनुसार लावून घेतल्या. पहिलं घर अकरा वाजून दोन मिनिटं. अडतिसावं घर अकरा वाजून तेरा मिनिटं.

काकांनी दोन्ही वेळा वहीत लिहून वजाबाकी केली.

"अकरा मिनिटांत अडतीस घरं? मॅडम, मला तिथं अख्खी दुपार जायची. एका घरात मीटर हौदाच्या मागे आहे. पोटावर आडवं झाल्याशिवाय दिसत नाही."

मॅडमचं हसू मावळलं. ठेकेदाराचा माणूस कुठेतरी सावलीत बसून मागचाच आकडा पुढे चढवत होता, हे दोघांनाही न बोलता समजलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब पुरावा मागतील, काका. नुसत्या वेळेवर ऐकायचे नाहीत. आणि यादी पाचला हवीय."

भिंतीवर अडीच वाजले होते. सही केली असती तर कुणीही काकांना बोल लावला नसता. हुकूम साहेबांचा, आकडे ठेकेदाराचे, प्रश्न तेवढा यांचा. खुर्चीला मऊ गादी होती. तिच्यावरून उठणं त्यांच्या अगदी जिवावर आलं. तरी एकशे सात नंबरच्या मागच्या आकड्यांची ओळ त्यांनी वहीत टिपून घेतली. त्यांनी स्वतः घेतलेला शेवटचा आकडा ४४१७. त्यानंतर पाच वेळा ४४१७, ४४१७, ४४१७, ४४१७, ४४१७.

"येतो पाचच्या आत," ते म्हणाले आणि टॉर्च शोधायला लागले.

गल्लीत शिरल्यावर पहिल्याच 'बंद' घरासमोर दोरीवरच्या चादरींतून पाणी ठिबकत होतं. पुढच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं. पुरावा म्हणून एवढं पुरे होतं. काकांनी तिथूनच परत फिरायला हरकत नव्हती. पण ते पाय ओढत एकशे सातपर्यंत गेले.

एकोणीस वर्षांपूर्वी पिशवीचा पट्टा तुटला, तेव्हा या बाईंनी तो मशीनवर दुहेरी टाका घालून शिवून दिला होता. पैसे विचारले तर म्हणाल्या होत्या, "आकडा नीट वाचत जा, तेवढं पुरे." तेव्हापासून काका यायच्या दिवशी त्या मीटरची काच ओल्या फडक्याने पुसून ठेवायच्या. साऱ्या शहरात तेवढी एकच काच त्यांना स्वच्छ मिळायची. एकट्या राहायच्या, पाणी जपून वापरायच्या. दोन महिन्यांना सात युनिट, कधी सहा नाही की आठ नाही. शेवटच्या वेळी काका म्हणाले होते, "येतो पुन्हा, दोन महिन्यांनी." खुर्ची मिळाल्याचं सांगायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. ते ठरवण्यातच राहिलं.

दाराला कुलूप होतं. काका भिंतीला धरून मीटरपाशी खाली बसले. काचेवर धुळीचा जाड थर होता. त्यांनी रुमाल ओला करून काच पुसली आणि टॉर्च मारला.

४४३१.

चौदा युनिट. त्यांना बोटांवर मोजायची गरज नव्हती. दोन महिन्यांना सात, चार महिन्यांना चौदा. पुढे सहा महिने काहीच नाही. काटा अगदी स्थिर होता. काका तसेच बसून राहिले, कारण उठून कुणाला विचारावं असं त्यांना वाटेना.

शेजारची बाई आपणहून बाहेर आली. "कोण हवंय?"

"मीटरवाला आहे मी. या बाई..."

"गेल्या हो त्या. सहा महिने होत आले. झोपेतच गेल्या." मग तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच का ते? सारख्या विचारायच्या तुमचं. मीटरवाले कसे आले नाहीत, आजारी तर नसतील? तारीख आली की काच पुसून ठेवायच्या. मी म्हणायचे, अहो, आता कुणी येत नाही बघायला. तर म्हणायच्या, येतील, सांगून गेलेत."

काकांना लाज वाटली. एवढी लाज त्यांना एकतीस वर्षांत कधी वाटली नव्हती. त्यांनी मान हलवली आणि ओला रुमाल खिशात घातला.

कचेरीत पोहोचायला पाच वाजून वीस मिनिटं झाली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, वहीतला आकडा पाहिला, वेळेच्या ओळी पाहिल्या. ते वाईट माणूस नव्हते, नुसते दमलेले होते.

"म्हणजे अडतीस घरं यादीतून काढायची," ते कपाळ चोळत म्हणाले. "आणि ती पुन्हा वाचणार कोण? तिथंच तसं असेल तर बाकीच्या गल्ल्यांचं काय?"

काकांनी वही मिटली.

"यादी वेळेत नाही, म्हणजे खुर्चीचं मला वर काही सांगता यायचं नाही. सोमवारपासून पिशवी घ्या. तुम्हाला त्या गल्ल्या पाठ आहेत."

"बरं," काका म्हणाले. बायकोला काय सांगायचं, हा विचार त्यांनी जिन्यापर्यंत पुढे ढकलला.

मॅडम अजून बसल्या होत्या. काकांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "एकशे सातचा आकडा चढवता का? ४४३१. आजची तारीख."

"चढवते. पण काका, त्या तर आता नाहीत ना? ते कनेक्शन बंदच होणार."

"होऊ दे बंद. पण त्या घरात चार महिने माणूस राहत होतं आणि आपल्याकडे शून्य लिहिलंय. ते तेवढं खोडलं जाऊ दे."

मॅडमनी आकडा चढवला आणि खुर्ची रिकामी करून दिली. काका खाली बसले. वही न उघडता त्यांनी एका बोटाने लिहायला सुरुवात केली. काय हवंय. कोणत्या तक्त्यातून. मग व्हेअर, घर क्रमांक एकशे सात, तारीख आजची. शेवटी अर्धविराम.

पडद्यावर एकच ओळ आली. ४४३१, वापर १४. मीटर वाचणाऱ्याच्या रकान्यात दहा महिन्यांनी पुन्हा त्यांचा जुना क्रमांक होता.

काकांनी खिशातून रुमाल काढला. तो अजून ओलसर होता. त्यांनी पडद्याची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पुसली आणि टॉर्च कोपऱ्यातल्या जुन्या पिशवीत ठेवला.