भांडुपचा नीळकंठ

आषाढातल्या त्या सोमवारी भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीपुढे इतकी गर्दी लोटली, की नळाला पाणी येऊनही बादल्या रिकाम्याच राहिल्या. कारणही तसंच होतं. चाळीत साक्षात नीळकंठ अवतरला होता, आणि तो बेडूक होता.

पिवळाधमक. मंडूकानंद महाराजांच्या परातीत, झेंडूच्या फुलांत बसून तो ‘डरांव’ म्हणाला, की गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळेशार फुगे यायचे.

"बघा! हलाहलाचा एक थेंब सांडला, तो याच्या पूर्वजानं प्यायला!" महाराज गरजले. "अहो, मांडूक्य उपनिषद कुणावर आहे? याच्यावरच!"

पहिल्या रांगेत बसलेल्या, चाळीतल्याच बाळ वैद्यांनी मान डोलावली. उपनिषद त्यांनी वाचलं नव्हतं, पण नाव ऐकलं होतं.

मग महाराजांच्या शिष्यानं नीळकंठाला टोपलीत ठेवलं, फडक्यात गुंडाळून बाहेर काढलं आणि गल्लीतल्या कुत्र्यापुढे धरलं. कुत्रं चावलं, आणि तोंडाला फेस येऊन गरगरायला लागलं. बेडूक पुन्हा टोपलीत, टोपलीतून परातीत. महाराजांनी त्याला जिभेनं चाटलं आणि खुशाल ढेकर दिली.

"आम्ही विष पचवतो, तुमची साखरही पचवू! याच्या अंगावरचं तीर्थ घ्या. इंजेक्शनं आजपासून बंद!"

हे ऐकून अनुपमा गर्दीतून पुढे सरकली. ती नाहूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि पुढे हात जोडून बसलेल्या वनमालाबाई तिच्या सासूबाई होत्या. रोज सकाळी ती त्यांना इन्सुलिन टोचायची. आज त्यांनी दंड पुढे केलाच नव्हता.

"आई, जिवावर बेतेल हो!"

"माका नको तुझी ती सुई," वनमालाबाई फणकारल्या. "महाराज नुसता पाणी देतत."

अनुपमाला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता. ती सरळ परातीपाशी गेली. "महाराज, मी चाटू?"

"बाई, भस्म व्हाल!"

"होते ना!" म्हणत तिनं नीळकंठाला उचललं आणि त्याचा चक्क मुका घेतला. बायका किंचाळल्या. बाळ वैद्यांनी डोळे मिटून घेतले. पण झालं काहीच नाही. बेडकानं तेवढी तिच्या अंगठ्याला घट्ट मिठी मारली.

"हा नवरदेव आहे, नवरदेव!" अनुपमा म्हणाली. "पावसाळ्यात या बेडकांचे नर असे पिवळे होतात, गळ्याचे फुगे निळे होतात. बायको मिळावी म्हणून ओरडतात बिचारे. विषबिष काही नाही."

"अगो बाय!" वनमालाबाई पुटपुटल्या. "गावाक आमच्या मळ्यात असेच ओरडतत. पण परातीत, फुला वाहून कधी बघूक नाय!"

अनुपमानं टोपली उपडी केली. फडक्यासकट दुसराच एक बेडूक पडला: मातकट, अंगभर चामखिळी.

"हा भेक, बेडकाचा विषारी भाऊबंद. डोळ्यांमागे या फुगीर गाठी दिसतात? दाबल्या की दुधासारखं विष पाझरतं. कुत्रं चावलं ते याला! दक्षिण अमेरिकेत तर असे बेडूक आहेत, की तिथले लोक त्यांचं विष बाणांना लावतात. त्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली, तर ती बिनविषारी निघतात. म्हणजे विष बहुधा त्यांच्या खाण्यातून येतं, समुद्रमंथनातून नाही. आता महाराज, हा चाटा!"

महाराजांना घाम फुटला. "आज… आज आमचा सोमवार आहे. उपास."

"मग पिवळा कसा चालला हो उपासाला?" बाळ वैद्य भाबडेपणानं म्हणाले.

एकच हशा उसळला. त्या हशात महाराज परात टाकून जे पळाले, ते थेट पवईच्या दिशेनं. चाळीतल्या पोरींनी कुत्र्याचं तोंड धुतलं, ते सावरलं. अनुपमानं खळखळून चुळा भरल्या.

वनमालाबाईंनी दंड पुढे केला. "टोच," त्या म्हणाल्या. "पण हळू हां."

बाबांनो, औषध बंद करा असं कुणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ‘हे होतं कसं?’ या प्रश्नानं देव रागावत नाही. रागावतो तो बुवा.