बेंबी बसवणारी राहीबाई

पोट दुखू लागले की उंब्रजला डॉक्टरच्या आधी राहीबाईला बोलावणे जाई. बेंबी सरकली, असे ती सांगे. मग बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायचा, पोट तेलाने रगडायचे आणि शेवटी एरंडेल पाजायचे. तीस वर्षे असेच चालले होते. आपल्या घरी तरी याहून वेगळे काय होत होते?

१९४६ च्या उन्हाळ्यात रंगूबाईने तिला बोलावले. थोरली सून हरणा सकाळपासून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिचा नवरा पलटणीत होता. राहीबाईने पोटाला हात लावला आणि हात तिथेच थबकला. उजवीकडे खाली पोट फळीसारखे ताठ लागत होते. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"राहीआक्का, आल्यापासनं आतबाहेर काय करतीयास? बस की," रंगूबाई म्हणाली.

"तेल कोमट कर जा."

तेवढ्यात रंगूबाईचा धाकटा मुलगा मानसिंग आला. लढाईची चार वर्षे लष्करी इस्पितळात डॉक्टरांच्या हाताखाली काढून तो नुकताच परतला होता.

"वैनी, पैल्यांदा कुठं दुखलं?"

"बेंबीभवती. आता हितं, उजवीकडं."

"उलटी?"

"दोनदा."

"आय, तेल ठिव खाली. आन् एरंडेल तर अजाबात न्हाई. साताऱ्याला न्यायचं."

"आला मोठा डागदर! चार पट्ट्या बांधल्यास आन् आक्काला शिकिवतोस व्हय रं?"

मानसिंग राहीबाईकडे वळला. "आक्का, बोकड सोलताना बघितलाय न्हवं? आतनं बेंबीला आतडं बांधल्यालं असतंय?"

राहीबाईने आठवून पाहिले. "न्हाई."

"मग सरकंल काय? अन्न जठरात घुसळतंय, तितनं लहान आतड्यात जातंय. ते वीस फूट लांब, वेटोळं घालून बसल्यालं. अन्नाचा कस तितं रगतात जातो. म्होरं मोठं आतडं, ते पाणी शोषतंय. ही दोन जितं जुळत्यात, तितं उजवीकडं करंगळीएवढी पिशवी लोंबती. बोकडाला न्हाई, माणसाला हाय. ती सुजली, तिच्यात पू झाला आन् वरनं रगडलं, एरंडेलानं आतडी ढवळली, की फुटती."

"फुटल्यावर कळतं?" राहीबाईने विचारले.

"कळत न्हाई, हेच वंगाळ! घटकाभर दुखायचं थांबतं. मानूस म्हनतो, उतार पडला. आन् दोन-तीन दिसांत जातो."

राहीबाईला एकदम आठवला तो मळ्यातला जोतीराम! गेल्या साली त्याचे पोट असेच ताठ लागले होते. तिने सारा जोर लावून रगडले आणि दुखणे एकदम थांबले. जोतीराम उठून बसला, हसला. त्याच्या बायकोने तिला लुगडे नेसवले. तिसऱ्या दिवशी तो गेला, तेव्हा कुणी तिला बोल लावला नाही. देवाची मर्जी, असेच सारे म्हणाले.

"घे, कोमट झालं." रंगूबाईने वाटी पुढे केली.

राहीबाईने वाटी दूर सारली. तेल जमिनीवर सांडले.

"मी हात लावनार न्हाई, रंगे! जोतीरामाचं पोट असंच हुतं. मी रगडलं. माझ्या हातनं गेला गं त्यो!"

रंगूबाईने सांडलेली वाटी उचलली. मग तिने मुलाकडे न बघताच म्हटले, "गाडी बघ जा."

साताऱ्याच्या सर्व्हिस मोटारीत राहीबाईला एका जागी बसवेना. दर खड्ड्याला ती हरणाच्या तोंडाकडे वाकून विचारी, "पोरी, दुखतंय न्हवं?"

"लय दुखतंय, आक्का."

ते ऐकले की पुढच्या खड्ड्यापर्यंत तिचा जीव भांड्यात पडे.

साताऱ्याला शस्त्रक्रिया झाली. पिशवी अजून फुटली नव्हती; तासाभरात फुटली असती, असे डॉक्टर म्हणाले. पंधरवड्याने हरणा चालत घरी आली.

राहीबाईकडे लोक अजूनही येतात. आता ती पोट रगडत नाही. दुखणे कुठे सुरू झाले ते विचारते आणि साताऱ्याला धाडते. "मग तुझं हात कशाला ऱ्हायलं गं?" असे बाया चिडवतात. "तुला गाडीत चढवाय!" असे ती ऐकवते.

वाचकहो, पोट दुखत असताना ते रगडू नका, जुलाब देऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि एवढ्या दिवसांची चूक आज कळली, तर ती आजच चारचौघांत बोलून टाका. राहीबाईने त्या दुपारी गप्प बसून पोट रगडले असते, तर हरणाचे दुखणेही घटकाभर थांबले असते, आणि गावाने तिला आणखी एक लुगडे नेसवले असते!